भाच्याच्या घरपट्टीवरून

ओहायोतल्या भाच्याने परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या घराच्या टॅक्सचं बिल दाखवलं. वर्षातून दोनदा येतं, कौंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ट्रेझररकडून. "मामा, म्हणजे तुमचंच काम. फक्त त्याला आम्ही मत देऊन निवडतो, चार वर्षांसाठी."

माझी सगळी नोकरी कोषागारात, म्हणजे सरकारी तिजोरीच्या कचेरीत गेली. आधी सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा कोषागारात, मग तालुक्यांच्या उपकोषागारांत. मला मतं मागावी लागली नाहीत आणि घरपट्टीही आमच्याकडे नसते, ती ग्रामपंचायतीची. पण पुढचं ऐकून मी सरसावून बसलो. तिथल्या ट्रेझररला तिजोरीतला डॉलर आपल्या मनाने देता येत नाही. आधी कौंटीच्या ऑडिटरने वॉरंट, म्हणजे पैसे देण्याचा लेखी आदेश, काढायचा, मग याने पैसे सोडायचे.

अरे, आमचंही हेच! खर्च ठरवणारा वेगळा, पैसे सोडणारा वेगळा. खात्याचा आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे खात्यासाठी पैसे काढून वाटणारा, देयक (बिल) पाठवतो. लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं हिशेबातलं खातं, बरोबर आहे का, अनुदान, म्हणजे त्या खर्चाची मंजूर रक्कम, शिल्लक आहे का, मंजुरीचा आदेश जोडलाय का, सही नमुन्याशी जुळते का, हे आम्ही बघायचं. एक गोष्ट चुकली तरी आक्षेप लावून परत. महिन्याचा हिशेब प्रमाणकांसह, म्हणजे खर्चाच्या व्हाउचरांसह, मुंबईला महालेखापालांकडे जातो. स्ट्राँगरूमला दुहेरी कुलूप, किल्ल्या दोघांकडे. मुद्रांक काढायचे तरी दोघं हजर हवेत.

एका ३१ मार्चला दुपारी चार वाजता मी एक देयक परत केलं. मंजुरी आदेशावर सहीच नव्हती. एका शिपायाच्या बायकोच्या ऑपरेशनचे पैसे होते ते. ते आणणारा कारकून काही बोलला नाही, कागद घेऊन गेला. मला चहा गोड लागेना. आर्थिक वर्ष संपत होतं, रात्री बारानंतर ते अनुदान लॅप्स, म्हणजे रद्द होणार होतं. सोडायला हवं होतं का? आजही मला तसं वाटत नाही. बिनसहीच्या आदेशावर एकाला पैसे दिले की दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवायचं?

साडेदहाला तो परत आला. कणकवलीला साहेबांच्या घरी जाऊन सही घेऊन आला होता, मोटारसायकलवर, शर्ट घामाने भिजलेला. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. तो काउंटरला टेकून उभाच होता.

"भाऊ, झाला मां?"

मी पारितचा, म्हणजे देयक मंजूर झाल्याचा, शिक्का मारला आणि कागद त्याच्याकडे फिरवून दाखवला.