मीटिंगला न येणाऱ्यांचं काय

रहिवासी संघटना निघाली की पहिले काही आठवडे भलताच उत्साह असतो, ग्रुप निघतो, खड्ड्यांचे फोटो धडाधड पडायला लागतात, सगळे जण सगळ्यांना नमस्कार करतात, आणि मग हळूहळू ग्रुपवर उरतात फक्त फॉरवर्ड आणि एक काका जे कुठल्याही विषयावर "प्रशासन झोपलंय का?" एवढंच लिहून गायब होतात. त्यातूनही कामं होतात म्हणा. "आमच्या गल्लीत अंधार आहे" अशी तक्रार नुसती फिरत राहते, पण तीच खांबाचा नंबर, तारीख आणि फोटो टाकून केली आणि तक्रार क्रमांक घेऊन मागे लागलं तर दिवा लागायची शक्यता खूप वाढते. फॉलोअप करणारा एक चिवट माणूस पाहिजे, बस.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. मीटिंगला येतं कोण?

आमच्याकडे तरी तेच ते चेहरे. स्वतःचं घर असलेले, रिटायर झालेले, वर्षानुवर्षं इथेच राहणारे आणि आवाज मोठा असलेले (आवाज सोडला तर मीही त्यातलीच). भाडेकरू नसतात, शिफ्टवाले नसतात, लहान पोरं असलेल्या बायका नसतात कारण मीटिंग नेमकी पोरांच्या जेवणाच्या वेळेला. आणि हे फक्त आमच्याकडेच आहे असंही नाही. बोस्टन युनिव्हर्सिटीतल्या कॅथरिन आइनस्टाइन, डेव्हिड ग्लिक आणि मॅक्सवेल पामर यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या जाहीर सुनावण्यांची मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं त्याची लेखी नोंद, चाळली, नव्या घरांच्या प्रस्तावांवर कोण कोण बोललं त्यांची नावं मतदार यादीशी ताडून पाहिली, तर बोलणाऱ्यांत वयस्कर, पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक यांचं प्रमाण एकूण मतदारांच्या मानाने जास्त निघालं. आणि त्यातल्या बहुतेकांचा सूर विरोधाचा. आता जे लोक त्या नव्या घरांत राहायला येणार ते अजून तिथे राहतच नाहीत, ते येऊन बोलणार कसे?

आमचा स्पीडब्रेकरच घ्या. गाड्या सुसाट जातात यावर सगळ्यांचं एकमत, ठराव दहा मिनिटांत पास. मग खरी गंमत, कारण स्पीडब्रेकर सगळ्यांना हवा होता पण स्वतःच्या दारासमोर कुणालाच नको होता, शेवटी जिथून कुणी हरकत घेतली नाही तिथे टाकायचं ठरलं. हरकत का नाही आली? कारण तिथल्या तळमजल्यावर भाडेकरू राहतात आणि ते मीटिंगला नव्हतेच. आता रात्रभर त्यांच्या खिडकीखाली ब्रेक करकचतात, टेम्पो रिकामा असला की मागचं फाळकं धाडकन आपटतं, घरात तान्हं बाळ. ती बाई मला रस्त्यात भेटली तेव्हा शांतपणे म्हणाली, "काकू, मला कुणी विचारलंच नाही. ग्रुपवर तुम्ही फक्त मालकांना घेता ना?"

हो, फक्त मालकांनाच घेतो.

शेरी अर्नस्टाइन नावाच्या बाईंनी 1969 साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तळाला लोकांना नुसतं गुंडाळणं, मधे माहिती देणं, सल्ला घेणं, वगैरे, आणि अगदी वर निर्णयच लोकांच्या हातात. आम्ही नगरपालिकेवर कायम चिडतो की नुसत्या सूचना मागवता, ऐकत काहीच नाही, म्हणजे आम्हाला मधल्याच पायरीवर लटकवून ठेवता. खरंय ते. पण त्या तळमजल्यावरच्या बाईला तर आम्ही शिडीला हातसुद्धा लावू दिला नाही.

ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने 1989 मध्ये लोकसहभागातून बजेट ठरवायला सुरुवात केली, तिथे वस्तीवस्तीत सभा घेऊन आधी काय हवं ते लोकच ठरवायचे, पण पैसा वाटताना कुठल्या भागाचा आवाज मोठा एवढंच बघत नसत, तिथली लोकसंख्या किती आणि पाणी, गटार, रस्ते यांतलं काय नाही तेही मोजायचे. मला यातलं मोजणं फार आवडतं. सभेत कोण किती जोरात बोललं याच्यावर कुठेतरी लगाम पाहिजेच.

आम्हाला बजेट-बिजेट कोण देतंय, म्हणून आम्ही आपलं साधं सुरू केलंय: कुठलीही मागणी पुढे पाठवायच्या आधी त्या जागेच्या सगळ्यात जवळ जे राहतात किंवा तिथेच बसून धंदा करतात त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, मालक असोत नसोत, आणि त्यांचं म्हणणं मिनिट्समध्ये लिहायचं. यावरून कटकट झालीच, "भाडेकरू आज आहेत उद्या नाहीत" हे वाक्य तर मला पाठ झालंय. अहो पण आज आहेत ना, झोप आजच मोडते ना त्यांची! भाडेकरूंना ग्रुपवर घ्यायचं का याच्यावर मात्र अजून मतदान व्हायचंय, आणि मतदान कोण करणार, तर मालक.

स्पीडब्रेकर थोडा पुढे, चौकाजवळ हलवायचा अर्ज दिलाय, तिथल्या दोन्ही घरांशी बोलून. पुढच्या मीटिंगचा विषय रस्त्यालगतच्या बाकांचा. एका सदस्यांचा लेखी विरोध आधीच आलाय, कारण काय तर बाक टाकले तर लोक येऊन बसतील.