तटबंदीच्या जागी आलेला रस्ता: व्हिएन्नाच्या रिंगश्ट्रासवर दोन दिवस

व्हिएन्नाचा बेत आखताना मी रिंगश्ट्राससाठी जेमतेम तासभर राखून ठेवला होता. जुन्या शहराला वेढणाऱ्या या रस्त्यावरून ट्राम धावते, तीत बसून फेरी मारायची आणि वाटेतल्या इमारती खिडकीतून पाहून घ्यायच्या, असा माझा हिशेब होता. सोबत अडुसष्ट वर्षांची आई असल्यामुळे तो सोयीचाही वाटत होता. परंतु म्युनिकहून आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी १ मे उजाडला. कामगार दिनाच्या मिरवणुका नगरभवनासमोरच्या चौकाकडे येत असल्याने सकाळी रिंगवरच्या ट्राम वळवण्यात आल्या आहेत, हे आम्हांला थांब्यावर जाऊन उभे राहिल्यावर कळले. आई म्हणाली, "चल, बसत बसत जाऊ." त्यामुळे आम्ही पूर्ण रिंग पायी पाहिला, आणि तो पायीच पाहावा, असे मला आता मनापासून वाटते.

योगायोग असा की, या रस्त्याचे उद्घाटनही १ मे रोजीच झाले होते, १८६५ साली. त्याआधी इथे तटबंदी होती. इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्या सुटकेसाठी मिळालेल्या खंडणीतून बाराव्या शतकाच्या अखेरीस तिचे मोठे काम झाले. १५२९ च्या तुर्की वेढ्यानंतर जाड बुरूज उभे राहिले आणि १६८३ च्या वेढ्यात त्यांनीच शहर वाचवले. तटासमोर शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून काही ठिकाणी सुमारे ४५० मीटर रुंदीचे मैदान मोकळे ठेवलेले असे, त्याला तिथे 'ग्लासी' म्हणत. २० डिसेंबर १८५७ रोजी सम्राट फ्रान्झ योसेफ याने तट पाडण्याचा आदेश दिला, पुढच्या वर्षी नगररचनेची स्पर्धा झाली, तीत ८५ आराखडे आले, आणि मोकळे झालेले भूखंड श्रीमंतांना विकून त्या पैशातून सार्वजनिक इमारती बांधल्या गेल्या. एवढे डोक्यात ठेवून चालले की रस्त्याचा अर्थ लागतो. उजवीकडच्या गल्ल्या दाट आणि वाकड्या का, डावीकडचे सगळे ऐसपैस का, आणि मधे ५७ मीटर रुंदीचा रस्ता, बागा आणि चौक यांना जागा कुठून मिळाली, हे ट्रामच्या खिडकीतून उमगत नाही. (डावी-उजवी बाजू आम्ही चाललो त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे.)

डॅन्यूब कालव्याकाठच्या उरानिया या इमारतीपासून सुरुवात करावी. श्टुबेनरिंगवर (रिंगच्या प्रत्येक टप्प्याला असे वेगळे नाव आहे) पूर्वीच्या युद्धमंत्रालयाची प्रचंड इमारत लागते. तिच्यासमोर, रस्त्यापासून थोडी आत, वास्तुविशारद ओटो वाग्नरने बांधलेली टपाल बचत बँकेची इमारत आहे. तिला वगळून पुढे जाऊ नये. तिच्या दर्शनी भिंतीवर दगडी फरश्या आहेत आणि प्रत्येक फरशीवर अ‍ॅल्युमिनियमची टोपी असलेले खिळे ओळीने दिसतात. जवळ उभे राहून पाहिले तर रिंगवरच्या बाकीच्या इमारती जे खांब-पुतळ्यांनी साधतात, ते इथे नुसत्या खिळ्यांच्या ओळींनी साधले आहे, हे ध्यानात येते. १९०६ साली हे धाडस होते.

पुढे पार्करिंगला लागून श्टाटपार्क ही बाग आहे. संगीतकार योहान श्ट्राउसचा सोनेरी पुतळा तिथेच आहे आणि त्यापुढे फोटोसाठी कायम गर्दी असते. आम्ही मात्र सावलीतल्या बाकांवर अर्धा तास घालवला. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी असे थांबे आधीच ठरवून ठेवावेत: श्टाटपार्क, बुर्गगार्टेन, फोक्सगार्टेन आणि नगरभवनासमोरची बाग. या चार ठिकाणी बसत गेल्यास गुडघे दुखणाऱ्यांनाही संपूर्ण चक्कर झेपते. कालव्यालगतचा भाग धरून ती सुमारे ५.३ किलोमीटर आहे. आम्हांला जेवणासह सहा तास लागले.

ऑपेराची इमारत पाहताना माझे मन मात्र जड झाले. बांधकाम सुरू झाल्यानंतर समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे मीटरभर वर आली, त्यामुळे इमारत खचल्यासारखी दिसू लागली आणि लोकांनी तिला 'बुडालेली पेटी' म्हणून हिणवले. तिच्या दोन वास्तुविशारदांपैकी फान डेर न्युल याने एप्रिल १८६८ मध्ये आत्महत्या केली, सिकार्ड्सबुर्ग दोन महिन्यांनी वारला, आणि २५ मे १८६९ रोजी पडदा उघडला तेव्हा दोघेही नव्हते. पुढे मार्च १९४५ मधील बॉम्बहल्ल्यात रंगमंच आणि प्रेक्षागृह जळाले, दर्शनी भाग आणि मुख्य जिना तेवढा वाचला, आणि १९५५ साली इमारत पुन्हा सुरू झाली. आज ती कुठल्याच अंगाने बुडालेली वाटत नाही.

बुर्गरिंगवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन संग्रहालयांसाठी वेगळा दिवस हवा. चालण्याच्या दिवशी त्यांत शिरू नये, दोन्हींवर अन्याय होतो. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे हेही आधी पाहून घ्यावे. पलीकडच्या फोक्सगार्टेनची जागा नेपोलियनच्या सैन्याने १८०९ साली उडवून दिलेल्या बुरुजाची आहे. तिथे आज गुलाबाचे ताटवे आहेत. आमच्या वेळी फुले तुरळक होती, जूनमध्ये जाणाऱ्यांना ती भरपूर मिळतील.

संसद, नगरभवन, विद्यापीठ आणि बुर्गथिएटर हे चौघे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. संसद ग्रीक धाटणीची, नगरभवन गॉथिक, विद्यापीठ इटालियन प्रबोधनकाळाच्या धर्तीचे. ज्या संस्थेला ज्या काळाशी नाते सांगायचे होते, त्या काळाचा पेहराव तिने घेतला. संसदेची इमारत आतून पाहता येते, त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवावे. १ मे रोजी चौकात लाल झेंडे आणि बँडपथके होती, त्यामुळे आम्ही लवकर बाहेर पडलो आणि लांडमान या १८७३ पासूनच्या कॅफेत कॉफी घेतली. छोट्या धातूच्या तबकात कप, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर पालथा ठेवलेला चमचा. एका कपावर कितीही वेळ बसावे, कुणी उठवत नाही.

विद्यापीठासमोर रस्ता ओलांडून म्योल्कर बास्टाय शोधावी. हा जुन्या बुरुजाचा उरलेला तुकडा आहे, वर घरे आहेत आणि त्यांतल्या एका घरात बेथोव्हेन राहत असे. उतारावरून वर चढले की तटाची मूळ उंची पायांना कळते. आईचे बालपण छत्रपती संभाजीनगरमध्ये गेलेले. तिथे तट बहुतेक गेला, पण दरवाजे उभे आहेत आणि लोक अजून दरवाज्यांच्या नावांनी पत्ता सांगतात. इथे दरवाजे गेले, तरी श्टुबेनटोर, शॉटेनटोर ही नावे थांब्यांना राहिली आहेत, हे तिनेच मला दाखवले. 'टोर' म्हणजे दरवाजा.

शॉटेनटोरपाशी एफ्रुसी या ज्यू कुटुंबाचा वाडा आहे. रिंगवरचे कित्येक वाडे अशा ज्यू कुटुंबांनी बांधले आणि १९३८ मध्ये नाझींनी हा वाडा हिसकावून घेतला. तिथे दोन मिनिटे थांबावे, एवढीच विनंती. त्यापुढचा कालव्याकाठचा भाग १९४५ मध्ये फार उद्ध्वस्त झाला, नंतरच्या इमारती साध्या आहेत. थकवा आला असेल तर हाच भाग गाळावा.

दुसऱ्या दिवशी ट्रामही घेतली. २००८ पर्यंत १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम पूर्ण चक्कर मारीत, आता तसे नाही: श्वेडेनप्लाट्झहून २ क्रमांकाने ऑपेरापर्यंत यावे आणि तिथे १ क्रमांकाची ट्राम पकडून परतावे. चोवीस तासांचा पास घेतल्यास कितीही वेळा चढउतार करता येते, मात्र कागदी तिकिटावर पहिल्या वेळी यंत्रात शिक्का मारून घ्यावा, नाहीतर दंड होतो. रस्ता ओलांडताना विशेष जपावे, कारण मोटारी एकाच दिशेने धावतात, पण ट्राम दोन्ही दिशांनी येते. सायकलींची वेगळी पट्टी पादचाऱ्यांच्या वाटेला अगदी लागून आहे; मी फोटोसाठी तिच्यावर उभी राहिले आणि मागून आलेल्या सायकलस्वाराला करकचून ब्रेक लावावा लागला. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी ठेवावीत. पाणी विकत घेऊ नये. शहराला आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी येते आणि बागांतून पिण्याचे नळ आहेत. रविवारी व सुट्टीच्या दिवशी किराणा दुकाने बंद असतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशीच ब्रेड, चीज, फळे घेऊन ठेवावीत.

परतीच्या गाडीसाठी आम्ही श्टुबेनटोर स्थानकातून भुयारी रेल्वेने निघालो. स्थानकाचे काम करताना सापडलेला जुना तट तिथे जपून ठेवला आहे. लोक त्याच्या शेजारून घाईने जात होते. आई मात्र सामान खाली ठेवून उभी राहिली, आणि आमची एक गाडी चुकली. तुमच्या हाती वेळ असेल तर चक्कर इथूनच सुरू करा.