चालतंय न्हवं?

५ जून. रोहिणी संपत आली.

अखेर आज शटडाऊन मिळालं, म्हणजे कोल्हापूर शहराला पाणी देणारा पंप थांबवून उघडायची परवानगी. दोन नंबर पंपाचं ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती पाणी अडवणारा दोर), शाफ्टची स्लीव्ह (शाफ्टवरचं बदलता येणारं नळीसारखं कवच) आणि कपलिंगच्या, म्हणजे मोटर-पंपाच्या जोडाच्या, बाजूचं बेअरिंग, सगळं एका दमात उरकायचं होतं. सकाळी नऊला पंप बंद, दुपारी चारला सुरू, या बोलीवर.

उन्हाळाभर मी हे मागत होतो. दर वेळी साहेबांचं एकच उत्तर, "चालतंय न्हवं? मग कशाला उघडताय?" एप्रिलमध्ये मागणी जास्त, मेमध्ये लग्नसराई, आणि आता वटपौर्णिमा तोंडावर आलेली, त्या दिवशी पाणी नाही म्हणून बायकांना कोण सांगणार? मागणाऱ्यालाही त्यांची अडचण कळते. स्टँडबाय म्हणून बसवलेला पंपही आता रोजच चालवावा लागतो, त्यामुळं एक थांबवला की टाकीची पातळी लगेच उतरते. मग उंचावरच्या कॉलन्यांत नळाला नुसती हवा येते आणि फोन सुरू होतात. तरीही माझं म्हणणं तेच आहे, आपण होऊन थांबवला तर पंप सात तासांत परत मिळतो. तो आपण होऊन थांबला तर किती दिवस जातील ते कुणीच सांगू शकत नाही, आणि तो थांबणार तो नेमका गढूळ पाण्याच्या दिवसांत.

ग्लँड उघडलं तर आतलं पॅकिंग जळून कडक झालेलं. हुकानं ओढताना तुकडे तुकडे होऊन येत होतं, हाताला ग्रॅफाइटची काळी भुकटी. स्लीव्हवरून नख फिरवलं आणि ते अडकलं. वस्ताद निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हे त्यांनीच माझं बोट धरून शिकवलं होतं. नख अडकलं की स्लीव्ह बदलायची, तिथं काटकसर करायची नाही. चरे पडलेल्या स्लीव्हवर कितीही भारी पॅकिंग घाला, चार दिवसांत ते खाऊन टाकतं.

पॅकिंगच्या रिंगा आज आयटीआयच्या पोराकडून कापून घेतल्या. स्लीव्हच्याच बाहेरच्या जाडीच्या पाइपवर दोर गुंडाळायचा, ४५ अंशांत तिरका कापायचा. एका रिंगचा जोड वर आला तर पुढचीचा बाजूला, त्याच्या पुढचीचा खाली, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. मधली लँटर्न रिंग, म्हणजे पॅकिंगला पाणी पोचवणारी भोकांची रिंग, बाहेरून येणाऱ्या सीलिंगच्या पाण्याच्या भोकासमोरच बसली पाहिजे. ती जरा पुढंमागं झाली की पाणी आत पोचत नाही, पॅकिंग कोरडं राहतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. पोरानं बॅटरी लावून दोनदा बघितलं, मग मला बघायला लावलं. हात चांगला आहे त्याचा. घाई करत नाही.

मोटर आणि पंपाची लाइन जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. कपलिंगच्या गार्डखाली रबराच्या बुशाची काळी पूड साचलेली मी होळीपासून बघत होतो. लाइन हलली आहे याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. डायल गेज लावून, मोटरच्या पायाखाली पत्र्याचे शिम घालत, काढत, पुन्हा घालत काटा पाच शतांश मिलिमीटरच्या आत आणला. तोवर दोनदा विचारणा झाली, अजून किती वेळ? मी सांगितलं, काटा सांगेल तेवढा.

साडेचारला बटण दाबलं. ग्लँडचे नट हातानंच आवळलेले होते, त्यामुळं पाण्याची धार लागली. पोरगं पाना घेऊन पुढं सरकलं.

"दादा, गळतंय की!"

"गळू दे. त्या पाण्यावरच शाफ्ट गार राहतंय."

दर दहा-पंधरा मिनिटांनी नटाची एक-एक बाजू फिरवायची, दोन्हीकडं सारखी. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडायला लागले की हात काढून घ्यायचा. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो. हे थेंब बघून साहेबलोकांना वाटतं काम अर्धवट आहे. कुणीतरी रात्रपाळीत येऊन चांगल्या मनानं नट आवळून जातं, आणि सकाळी ग्लँडमधून धूर. म्हणून गार्डवर पिवळ्या रंगानं लिहून ठेवलं, "ग्लँडला हात लावू नये. थेंब पडणं बरोबर आहे."

१० जून. मृग लागला, पाऊस अजून नाही.

आज क्लोरीनचा टोनर बदलला. ९०० किलो गॅस असलेली ती टाकी आडवी ठेवायची, दोन्ही व्हॉल्व्ह एकाखाली एक उभ्या रेषेत आले पाहिजेत. वरच्यातून गॅस मिळतो, खालच्यातून पातळ क्लोरीन. शिशाचा वॉशर दर वेळी नवा. जुना कितीही चांगला दिसो, तो पुन्हा वापरायचा नाही, या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. जोडणी झाल्यावर अमोनियाचा बोळा काडीला लावून प्रत्येक सांध्याजवळून फिरवला. गळती असेल तर पांढरा धूर निघतो. नव्हता.

पोराला तीन गोष्टी तोंडपाठ करायला सांगितल्यात. हा गॅस हवेच्या अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या उलट आणि उंचावर. गळक्या जागेवर पाणी कधीही मारायचं नाही, आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. आणि तोंडाला मास्क असल्याशिवाय शूर व्हायचं नाही.

८ जुलै. तरणा पाऊस.

चार दिवस सूर्य दिसलेला नाही. गगनबावड्याकडं, राधानगरीकडं धो-धो चाललंय. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती सगळ्या फुगल्यात, आणि चिखलीच्या प्रयागापासून जी पंचगंगा म्हणून येते तिचा रंग आता लाल मातीचा आहे. उन्हाळ्यात पाण्याचा गढूळपणा दहा एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं माप) आत असतो, या दिवसांत तो शेकड्यात जातो. नळाला येताना तो एकच्या आसपास हवा. मधलं सगळं अंतर आमच्या आवारात कापायचं.

केमिस्ट मॅडम सकाळ-संध्याकाळ जार टेस्ट लावतात. सहा भांड्यांत गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा, वर पाती फिरतात. मी जाता-जाता थांबून बघतोच. एका भांड्यात दूध नासल्यासारख्या गाठी धरतात आणि खाली बसायला लागतात, वर पाणी नितळ होत जातं. तो डोस धरायचा. पण भांड्यात जमलं म्हणून टाकीत जमत नाही. तिथं तुरटी पाण्यात मिसळणारा फ्लॅश मिक्सर पूर्ण वेगानं फिरला पाहिजे, नाहीतर तुरटी एका कोपऱ्यातच राहते. क्लॅरिफ्लॉक्युलेटरचा, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या गोल टाकीचा, फिरता पूल मात्र अगदी हळू. तो जोरात फिरला तर धरलेल्या गाठी फुटतात, थांबला तर तळाला गाळ साचून खरवडणारी पातीच अडकतात. पुलाच्या चाकाचं रबर मे महिन्यात बदलून घेतलं होतं. आज भर पावसात छत्री धरून त्या पुलावर एक फेरी मारली. चाक कुठंही घसरत नाही.

फिल्टर बेडचं बॅकवॉश, म्हणजे गाळणाऱ्या वाळूच्या थराला खालून उलटं धुणं, एरवी दिवसातून एकदा, आता त्याहून किती तरी जास्त. खालून आधी ब्लोअरची हवा, मग पाणी. वाळू उकळल्यागत वर येते, तपकिरी पाणी गटारात जातं, आणि हळूहळू ते पांढरं होत येतं. हे कितीही वेळा बघितलं तरी माझी नजर हटत नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, आज पाण्याला औषधाचा वास येतोय."

बरं वाटलं. क्लोरीनचा डोस पावसात वाढवावाच लागतो. शेवटच्या घरच्या नळालासुद्धा लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक राहिला पाहिजे, कारण पाइपलाइन शहरभर गटारांच्या कडेनंच गेलीय आणि पाणी बंद असतं तेव्हा गळक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. २०१२ साली शेजारी इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. ते ज्यांनी जवळून बघितलंय ते वासाची तक्रार करत नाहीत. बायकोला म्हटलं, भांड्यात भरून थोडा वेळ उघडं ठेव, वास जातो.

२४ जुलै. म्हातारा पाऊस.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागलेत. सातपैकी एक उघडला की १,४२८ क्युसेक. गावात कुणालाही विचारा, सध्या दुसरा विषय नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. कोल्हापूरची लहान पोरंसुद्धा हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, दोनच वर्षांनी ५६ च्या.

२०१९ च्या आश्लेषा नक्षत्रात नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली. चहूकडं पाणीच पाणी आणि शहरात नळ कोरडे, टँकरमागं घागरींच्या रांगा. पाणी ओसरल्यावर आम्ही जे काम केलं ते मी कधी नीट लिहून ठेवलं नव्हतं. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्येसुद्धा बोटभर गाळ होता. चेनपुलीनं मोटरी उचलून बाहेर काढल्या, वाइंडिंग स्वच्छ पाण्यानं धुतलं, गरम हवा देऊन वाळवत बसलो. मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन वीज द्यायजोगं झालंय का ते दाखवणारं मीटर, त्याचा काटा सुरुवातीला हलतच नव्हता. रात्री पुन्हा लावला तेव्हा जरासा सरकला. घाईनं वीज दिली तर मोटर जळणार, आणि बाहेर शहर तहानलेलं. त्या काट्याकडं बघत बसणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं. हात रिकामे, आणि करण्यासारखं काही नाही.

बेअरिंगं उघडली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना पावसाआधी ताजं ग्रीस मिळालं होतं त्यांच्यात गाळ कडेपर्यंतच पोचला होता, पुसून-धुऊन ती तपासता तरी आली. ज्यांचं ग्रीस कधीचं वाळून गेलं होतं त्यांच्यात चिखल ठासून भरलेला. ती सगळी भंगारात. त्या दिवसापासून मी शटडाऊन मागताना संकोच करत नाही.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं. दिवाळीत सगळ्या कोल्हापूरला आनंद झाला, मलाही झाला, किती वर्षांचं मागणं होतं ते. धरणाचं पाणी नदीपेक्षा स्वच्छ, हे खरं. पण त्यानंतर बरेच जण मला म्हणायला लागले, आता तुमचं काम हलकं झालं. काम हलकं कसं होईल? ५० किलोमीटरच्या वर लांब पाइप आहे, तिकडं जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवर, पंपच आहेत. त्यांनाही बेअरिंग आहे, मोटर आहे, विजेचा खांब पडला की तेही थांबतात. त्यांनाही कुणीतरी वेळेत थांबवून उघडलं पाहिजे.

२५ जुलै. रात्रपाळी.

एक वाजता फेरी मारली. पंपहाऊसमध्ये तीनही पंप चालू. सवयीनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावली. दोन नंबरचा आवाज एकसारखा, घुमणारा, मध्ये कुठं खरखर नाही. बेअरिंगवर हात ठेवला, हात ठेवून राहवतो इतपतच गरम. ग्लँडमधून थेंब पडताहेत. जूनपासून नटाला कुणी हात लावलेला नाही, पिवळ्या अक्षरांचा उपयोग झाला म्हणायचा.

तीन नंबर मात्र मला आवडला नाही. आवाजात अधूनमधून एक कट्‌ येतो, भरधाव चालताना क्षणभर. लॉगबुकात गेल्या आठवड्यातलं तापमान बघितलं, रोज थोडं-थोडं चढलंय. आज रात्री काही होणार नाही. आठवडाभरही बहुधा काढेल. ग्रीस दिलं, जास्त नाही, बेअरिंगमध्ये ग्रीस ठासलं तरी ते तापतंच. दर तासाला तापमान लिहायला पोराला बसवलं.

पहाटे चहा घेताना तो म्हणाला, "दादा, हे आता साहेबांना सांगायचं? चालतंय न्हवं म्हणतील."

"म्हणू देत. आपण आकडे दाखवायचे."

मग दोघांनी बसून अर्ज लिहिला. त्याचं अक्षर चांगलं आहे म्हणून त्यालाच लिहायला लावलं, मी सांगत गेलो. तारीखवार तापमान, आवाजाचं वर्णन, कुठलं बेअरिंग, त्याचा नंबर. पाणी जरा उतरलं आणि एखादा दिवस पावसानं उघडीप दिली की तीन नंबरसाठी सहा तास हवेत. नवं बेअरिंग स्टोअरमध्ये एकच शिल्लक आहे, ते आजच आमच्या नावावर काढून कपाटात ठेवायचं. स्लीव्ह शिल्लक नाही. ती मागवली तर यायला दोन महिने तरी जातात, म्हणून दोन मागवायच्या, एक शिलकीत ठेवायची आणि एक गणपतीनंतर एक नंबर पंप उघडू तेव्हाची. सात वाजता साहेब येतील. पाळी संपली तरी ते येईपर्यंत थांबणार आहे.