छत्रीखालचा उजेड

भूछत्रांचे फोटो काढायचे तर आभाळ भरलेलं हवं. मळभ जितकं दाट तितकं बरं. फोटो म्हटलं की लोकांना लख्ख ऊन हवंसं वाटतं, पण श्रावणातलं ते लपंडाव खेळणारं ऊन या कामी अगदीच निरुपयोगी. झाडोऱ्यातून एखादा कवडसा नेमका भूछत्राच्या टोपीवर पडतो, तेवढाच भाग पांढराफटक होतो, बाकी सगळं काळोखात जातं आणि कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाही. त्यापेक्षा आंबोलीत ढग खाली उतरलेत, धुकं फांद्यांत अडकलंय, भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतंय, असा दिवस गाठावा. उजेड तेव्हा कुठूनच येत नाही आणि सगळीकडून येतो.

मग फ्लॅश का नको, असं हमखास विचारलं जातं. समोरून फ्लॅश मारलेलं भूछत्र आधार कार्डावरच्या माणसासारखं दिसतं. ओळख पटते, पण तो माणूस काही तसा नसतो. कुजक्या काटकीवर उगवलेलं मॅरास्मियस नावाचं भूछत्र घ्या. टोपी करंगळीच्या नखाहून लहान, देठ काळा नि घोड्याच्या केसाएवढाच जाड. टोपीचं मांस इतकं पातळ, की मागून उजेड आला तर खालच्या एकेक पाळीची, म्हणजे टोपीखालच्या पातळ पडद्याची, रेघ वरून मोजता येते. कडेला एक थेंब लोंबत असतो नि त्या थेंबात अख्खं जंगल उलटं. फ्लॅशचा झोत पडला की ती सगळी आरपारता जाते. उरतं एक चकचकीत ओलं बटण. म्हणून आपण सरकत सरकत अशा जागी जायचं, की भूछत्र आपल्या आणि उजेडाच्या मधे येईल. हे बहुधा चिखलात पालथं पडूनच जमतं.

या उजेडाची किंमत वेळेत मोजावी लागते. अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, बारीक करून ११ वर आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, २०० वर ठेवलं, तर दाट रानात शटर दोन-दोन सेकंदही उघडं राहतं. ओल्या टोपीवरची चकाकी मारायला पोलरायझर लावला, की तो आणखी दीड-दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड खातो. हाताने कॅमेरा धरण्याचा प्रश्नच नाही. ट्रायपॉडचे पाय जमिनीलगत फाकवायचे, तेही जमलं नाही तर तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर कॅमेरा टेकवायचा, टायमर लावायचा आणि वारा पडायची वाट पाहायची. शटर उघडं असताना पायावर जळू चढत असेल तर चढू द्यायची.

छत्री मात्र जवळ हवीच, आणि ती पावसासाठी नव्हे. काळी छत्री भूछत्राच्या डोक्यावर धरली, की वरून कोसळणारा उजेड अडतो आणि बाजूचा मऊ उजेड काम करू लागतो. टोपीखालच्या पाळ्या काळवंडल्या असतील तर वहीचा कोरा कागद खाली आडवा धरायचा. डब्यातली चंदेरी फॉइल काही जण वापरतात. मला ती फार भडक वाटते.

रंगाचं भांडण वेगळंच. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो, त्यामुळे पांढरं भूछत्र फोटोत जरासं हिरवं येतं. कॅमेऱ्यावर सोपवलं, तर तो बहुतेक वेळा ती छटा पुसून टाकायला निघतो. मी अर्धी ठेवतो. ते भूछत्र त्या हिरव्यातच उभं होतं, दुकानाच्या काउंटरवर नव्हे.

त्याच हिशेबाने मला भोवतालची साफसफाईही आवडत नाही. कॅमेऱ्यासमोर आडवी येणारी एखादी काडी बाजूला करणं वेगळं. पण पाचोळा झाडून, स्प्रेच्या बाटलीने थेंब शिंपडून, कुठून तरी शेवाळ आणून मांडलं, की तो मखर होतो. अभ्यासकाला भूछत्र उपटावं लागतं, देठाचं बूड बघावं लागतं, ते समजू शकतं. आपल्याला कशाला?

वारुळावरच्या अळंबीच्या बाबतीत मात्र उपटणारे आपल्याआधीच पोचलेले असतात. ही बुरशी वाळवी स्वतः पोसते. चावलेल्या पालापाचोळ्याची बाग वारुळात करते, आणि पावसाने जमीन भिजली की त्या बागेतून लांबलचक देठ वर येतात. गोव्यात या अळमीला चढा भाव मिळतो, त्यामुळे जागा ठाऊक असलेला माणूस ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्या भागात पालथं पडून फोटो काढणाऱ्याकडे फार संशयाने पाहिलं जातं. सिंधुदुर्गात एका आजोबांनी आधी चहूकडे नजर टाकली, मग माझ्या समोरचं भूछत्र पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. “फोटो कित्या काढतास? ही खावची न्हय!”

नैसर्गिक उजेडाचा माझा हट्ट कसाला लागतो तो रात्री. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजती लाकडं, पाचोळा अंधारात चमकतात. तो उजेड बुरशीचा स्वतःचा. कशासाठी? 2015 साली ब्राझीलमधल्या एका प्रयोगात अॅक्रिलिकची नकली भूछत्रं करून त्यांत हिरवे एलईडी बसवले, तर न उजळलेल्यांपेक्षा त्यांच्याकडे जास्त किडे आले. बीजाणू पसरायला किड्यांची मदत होत असावी, असा त्यावरून तर्क. याहून नैसर्गिक उजेड कुठला असणार! पण अंधारात आपल्या डोळ्यांना रंग जवळपास कळतच नाहीत. उघड्या डोळ्यांना दिसते एक फिकट, राखाडी धूसरता. काही मिनिटं शटर उघडं ठेवलं की कॅमेरा तीच गर्द हिरवी करून दाखवतो. म्हणजे फ्लॅशला खोटं ठरवणारा मी, स्वतःला कधीच न दिसलेला रंग लोकांना दाखवून वाहवा मिळवतो. तरी काढतोच.

या फोटोला लागतो पूर्ण काळोख. रानाच्या कडेला गावातल्या वाटाड्यासोबत आम्ही मंडळी उभे, सगळ्यांचे टॉर्च बंद, बोलणंही बंद. शटर उघडं होतं. तेवढ्यात मागे कुणाच्या तरी खिशातला फोन उजळला, आणि पाठोपाठ एका बँकेची कर्ज देऊ करणारी बाई बोलू लागली. त्या फोटोत लाकूड कुठेच चमकत नाही. बाजूची फर्न मात्र निळसर उजेडात पानन् पान स्वच्छ आली आहे, आणि पाहणारे विचारतात, लायटिंग कसं केलं?