पाय टेप बरोबर, पाईप चपटा

आमच्याकडे जळगावात कोचिंग म्हटलं की दहावी-बारावीचे क्लास. त्यामुळे मी दोन दिवस ‘मॅनेजर्ससाठी कोचिंग’ ट्रेनिंगला जाणार म्हटल्यावर कॅन्टीनमध्ये चर्चा, साहेब आता कंपनी सोडून क्लास टाकताय. ट्रेनर पुण्याचे. चांगले होते, उगाच नावं ठेवत नाही. उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा, मग गप्प बसा आणि मनात दहा आकडे मोजा. ग्रो मॉडेल शिकवलं, म्हणजे ध्येय काय, आत्ता परिस्थिती काय, पर्याय कोणते आणि त्यातलं करणार काय. हे ज्याच्यामुळे गाजलं तो जॉन व्हिटमोर आधी रेसिंग ड्रायव्हर होता म्हणे, हे मला आवडलं, निदान मशीन माहीत असलेला माणूस.

तर मे महिना, बाहेर ४५, एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती ते विचारू नका. ११० एमएमचा पीव्हीसी पाईप चालू होता, पातळ भिंतीचा, शेतीसाठीचा. डीलरकडून तक्रार, सॉकेटमध्ये पाईप बसत नाही. क्वालिटीवाले म्हणे आमचे सगळे रिपोर्ट ओके. ओके असणारच ना! ते पाय टेपने मोजतात, पाय म्हणजे गणितातला पाय (π). पाय टेप गुंडाळली की परीघावरून सरासरी व्यास मिळतो, पाईप अंड्यासारखा झाला तरी टेप बरोबरच दाखवणार. व्हर्नियर घेऊन चार ठिकाणी मोजलं तर ओव्हॅलिटी कळते, पण त्यात वेळ जातो आणि वेळ क्वालिटीवाल्यांकडे कधीच नसतो, असो.

नाना आमचे शिफ्ट सुपरवायझर, धरणगावकडचे, आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलेले, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांना केबिनमध्ये बोलावलं, एसी लावला, ग्रोचा कागद समोर. “नाना, तुम्हाला काय वाटतं?” म्हटलं आणि दहा मोजायला लागलो. सातवर असताना नाना उठून उभे राहिले. “साहेब, मेमो देताय का?”

बरोबरच होतं त्यांचं. सतरा वर्षांत मी कोणाला केबिनमध्ये बोलावून प्रश्न विचारला तो चौकशीसाठीच. “तुम्ही सांगा, मी करतो,” एवढंच म्हणाले. तिथे माझं कोचिंग संपलं.

साडेतीनला मीच लाईनवर गेलो. तिथे गप्प बसायचं म्हणजे काय तर ग्राइंडरचा आवाज ऐकायचा. नाना व्हॅक्यूम टँकपाशी होते, म्हणजे गरम पाईप पाण्याने गार होतो तिथे. मी काही विचारलं नाही खरं तर, नुसता उभा राहिलो, घाम पुसत. बऱ्याच वेळाने नाना म्हणाले, “हात घाला पाण्यात.” घातला. आंघोळीचं पाणी! पाणी गार करणाऱ्या चिलरच्या पॅनलवर १६ डिग्री दाखवत होतं, पण तो मीटर चिलरपाशी. दोनला शिफ्ट बदलली की पलीकडे मोल्डिंगवाले फिटिंगच्या मोल्डसाठी त्यांचा वॉल्व्ह पूर्ण उघडतात, आपल्या टँकला धार मरते, पाईप आतून नरम राहतो आणि पाईप पुढे ओढणाऱ्या हॉल-ऑफच्या पट्ट्यांत दाबला जाऊन चपटा होतो. सकाळचा माल एक नंबर, दुपारचा रिजेक्ट.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत?”

“तुमले मी मांगला उन्हायामाच सांगेल व्हतं.”

आणि मला आठवलं. खरंच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, पाण्याचं मेंटेनन्स बघेल, नाना तुम्ही तुमचं मशीन बघा. मग त्यांनी काय केलं, तर मागचा अख्खा उन्हाळा दुपारी अडीच ते सहा लाईनचा स्पीड गुपचूप कमी ठेवला. पाईप गोल निघत राहिला, टनेज कमी पडलं, आणि टनेज कमी म्हणून मार्चमध्ये मीच त्यांचं रेटिंग एक घर खाली आणलं. यंदा मी स्पीडला पासवर्ड टाकला. बाकी तुम्ही समजलाच असाल.

आपल्या लाईनला वेगळा पंप बसवून घेतला, चार दिवसांचं काम. रेटिंगसाठी एचआरकडे गेलो तर वर्ष क्लोज झालंय म्हणे, सिस्टीममध्ये बदलता येत नाही. वर त्यांना कोचिंगचा फीडबॅक फॉर्म पाहिजे, त्यात ‘समोरच्याला कोणती नवी जाणीव झाली’ असा रकाना. समोरच्याला!

पासवर्ड काढला. परवा परत टँकपाशी गेलो आणि नानांना म्हटलं, अजून काय काय सांगितलं होतं तुम्ही, जे मी ऐकलं नाही? नानांनी मिक्सरकडे बोट दाखवलं. “आज मटेरियल वल्लं शे साहेब, मंग बोलूत.”

अजून बोललेले नाहीत. मी रोज साडेतीनला जातो.