चियापासच्या रस्त्यावरची दोरी

मेक्सिकोतल्या पालेंकेच्या माया अवशेषांवर लिहायला तीनदा बसले. तिन्ही वेळा पिरॅमिडपाशी पोचायच्या आतच मन ओकोसिंगो गावाच्या पुढच्या एका वळणावर जाऊन अडकलं. म्हणून आता आधी ते वळणच लिहून टाकते.

2019 चा फेब्रुवारी. ह्यूस्टनहून आम्ही दोघं आमची 24 फुटी मोटरहोम घेऊन निघालो आणि लारेडोला मेक्सिकोची सीमा ओलांडली. त्यापुढचे कितीतरी दिवस मला आता फक्त वाळकं गवत, टोलनाके आणि ट्रकच्या रांगा एवढेच आठवतात. खरा प्रवास सुरू झाला तो दक्षिणेकडच्या चियापास राज्यात. चियापा दे कोर्सोच्या धक्क्यावरून होडीत बसून सुमिदेरोची घळ पाहिली. काही ठिकाणी तिचे कडे हजार मीटरच्या घरात आहेत, मान दुखेपर्यंत वर बघत होते. मग गाडी घाट चढायला लागली आणि तळातल्या उकाड्यातून आम्ही सुमारे 2,200 मीटर उंचीवरच्या सान क्रिस्तोबाल दे लास कासासला पोचलो, तेव्हा स्वेटर शोधायची वेळ आली.

सान क्रिस्तोबालमध्ये चार दिवस राहिलो. तिथून जवळच्या सान हुआन चामुलाच्या चर्चला माझ्या तोंडी देऊळच येतं. आत बाकं नाहीत. फरशीवर पाइनची हिरवी पानं पसरलेली, त्यांतच जागा करून फरशीवर चिकटवलेल्या मेणबत्त्यांच्या रांगा, आणि समोर मांडी घालून बसलेली कुटुंबं आपल्या त्सोत्सिल भाषेत देवाशी बोलताहेत. एका बाईच्या मांडीवर कोंबडी होती, शेजारी थंड पेयाच्या बाटल्या. फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ती असायलाच हवी. आजारी लेकरासाठी कुणी देवापुढे रडत असताना आपण कॅमेरा काढणं बरं नव्हे.

बाजारात एका बाईकडून मक्याचं ताजं पीठ घेतलं. चुन्याच्या पाण्यात मका उकळून भिजवतात, धुतात आणि मग वाटतात. त्या पिठाला ओल्या भिंतीचा असतो तसा वास येतो. मी आपली हातावर थापून जाडसर भाकरीच केली. तीन हजार वर्षांहून जुनी रीत आहे ही. चुन्यामुळे मक्यातलं सत्त्व अंगी लागतं, हे तिथल्या बायकांनी कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी ओळखलं होतं.

सान क्रिस्तोबाल ते पालेंके हे अंतर जेमतेम 200 किलोमीटर. आम्हाला दोन दिवस लागले. कारण तोपे. तोपे म्हणजे गतिरोधक, पण आपल्याकडचा बरा म्हणावा असा. पाटी नाही, रंग नाही, झाडाच्या सावलीत दडलेला, आणि गाव आलं की एकामागून एक. छोटी गाडी उडी मारून जाते. आमच्या घराला मात्र चाकं असली तरी आत कपाटं आहेत, कपाटांत डबे आहेत. ओकोसिंगोपर्यंत मिसळणाचा डबा दोनदा सांडला. सीटखालच्या सतरंजीला अजून हळद आहे.

त्यात वाटेत एका ठिकाणी चार-पाच तरुणांनी खिळे ठोकलेली फळी रस्त्यावर आडवी टाकलेली. पैसे दिले, फळी सरकली. वाईट कुणी वागलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला तो जाईना. या भागात रस्ता अडवणं ही जुनी भाषा आहे. 1 जानेवारी 1994 ला सापातिस्तांनी, म्हणजे इथल्या आदिवासी शेतकरी बंडखोरांनी, सान क्रिस्तोबाल आणि ओकोसिंगो ताब्यात घेतलं, तो उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराचा पहिला दिवस होता. स्वस्त परदेशी मका येणार आणि आमचं शेत मरणार, ही भीती त्यामागे होती. इथे लोक हुकूम देतात आणि सरकार तो पाळतं, अशा त्यांच्या पाट्या रस्त्याकडेला दिसतात. हे सगळं मी वाचून गेले होते. तरी फळी समोर आली तेव्हा मला फक्त आमची गाडी दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकोसिंगो सोडलं. उतार, वळणं, दोन्ही बाजूंना ओली हिरवी झाडी. आणि एका वळणानंतर समोर दोरी. रस्त्याच्या एका कडेला खुंटाला बांधलेली, दुसऱ्या कडेला एका मुलीच्या हातात. मधे प्लॅस्टिकच्या चिंध्या, दिसावी म्हणून. मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. पायाशी पाटीत केळी.

ह्यांनी वेग कमी केला. मी म्हणाले, "अहो, थांबू नका. पुन्हा तेच. चला तुम्ही."

आपण थांबत नाही असं दिसलं की दोरी धरून गाड्या अडवणारी पोरं शेवटच्या क्षणी दोरी खाली सोडतात, असं आम्ही ऐकलं होतं. हिनेही सोडली असती. पण आमची गाडी तिला वाटली त्याहून लवकर आली असावी, किंवा तिला खात्री असावी की एवढी मोठी गाडी थांबणारच. दोरी बंपरला अडकली, खुंटाकडून निसटली, आणि तिच्या हातातून सर्रकन ओढली गेली. मला आरशात दिसलं ते एवढंच: ती रस्त्याच्या कडेला उभी आहे, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

माझं आजोळ राजापूरजवळ. विहिरीवर रहाट होता. पाण्याने भरलेली कळशी वर येता येता दोर हातातून सुटला की तळवे कसे सोलून निघतात ते मला माहीत आहे. मीही तेव्हा हात असेच काखेत घातले होते, आणि आजीने त्यांवर लोणी चोळलं होतं.

"थांबू का?" हे म्हणाले.

मागे ट्रक होता. पण ट्रकमुळे नाही. "पुढे चला," मीच म्हणाले.

आग्वा आसूलच्या धबधब्यांपाशी दोन नाक्यांवर दोनदा तिकीट काढून पोचलो. गाडी लावल्यावर ह्यांनी बंपरखालून निळी नायलॉनची दोरी सोडवली, लाल-पांढऱ्या चिंध्यांसकट. काही न बोलता गुंडाळून माझ्या हातात दिली.

धबधबे सुंदर आहेत. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं निळंहिरवं पाणी. चुनखडीचे कण पाण्यात असतात, त्यांचा थर साचून साचून ते बांध तयार झालेत, आणि निळाईही त्यामुळेच. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, फेब्रुवारी उत्तम. 2017 च्या सप्टेंबरात 8.2 तीव्रतेचा भूकंप झाला, त्यानंतर नोव्हेंबरमध्ये पाण्याने वाट बदलली आणि हे धबधबे जवळपास कोरडे पडले होते. गावकऱ्यांनी स्वतः नदीत उतरून पाणी पुन्हा वळवलं. ज्यांनी हातांनी नदी जागेवर आणली त्यांच्याच रस्त्यावरून मी दोरी ओढून आणली होती. मी पाण्यात पायसुद्धा घातला नाही. मिसोल-हाचा 35 मीटरचा धबधबा वाटेतच होता. त्याच्या मागून चालत जाता येतं. हे जाऊन आले.

पालेंकेला झाडीतल्या एका तळावर मुक्काम केला. पहाटे हाऊलर माकडं ओरडतात. पहिल्या दिवशी मला जनावरांची झुंजच चालली आहे असं वाटलं. अवशेषांत सकाळी आठला शिरलो. शिलालेखांच्या मंदिराखाली पाकाल राजाची कबर आहे. 615 साली बारा वर्षांचा असताना तो गादीवर बसला आणि 683 पर्यंत राज्य केलं. पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस लुइलिये यांना 1949 मध्ये मंदिराच्या फरशीखाली दगडमातीने बुजवलेला जिना सापडला. तो उपसत ते 1952 मध्ये कबरीपर्यंत पोचले. आता आत सोडत नाहीत. मला त्याहून आवडला तो राजवाड्याशेजारून वाहणारा ओतोलुम ओढा, दगडी छताच्या भुयारातून नेलेला. तेराशे वर्षांनीही त्यातून पाणी वाहतं आहे. बांधणाऱ्यांचं कौतुक करावं ते इथे.

दुपारी मी ह्यांना म्हणाले, आपण मागे जाऊ या. कारण सांगायला ओकोसिंगोजवळचं तोनिना हे जुनं माया नगर होतंच, येताना ते राहिलं होतं. मोटरहोम तळावर ठेवून ओकोसिंगोची कोलेक्तिवो पकडली, म्हणजे आपली वडाप. पिशवीत दोरी आणि कैलास जीवनची डबी.

ड्रायव्हरकडे बघत राहिले. समोर दोरी दिसली की तो दुरूनच वेग कमी करायचा, काच खाली, हसून दोन शब्द. कधी नाणं द्यायचा, कधी नुसताच हात करायचा. दोरी खाली पडायची. भांडण नाही, भीती नाही. चार सेकंदांचं काम.

तोनिना डोंगरावर रचलेलं आहे, चढताना धाप लागते, पण वरून सगळं खोरं दिसतं. इथल्या लोकांनी 711 साली पालेंकेवर चाल करून पाकालचा मुलगा कान होय चिताम याला पकडून आणलं आणि त्याला दगडात कोरलं, दंडाला दोर बांधलेला. संग्रहालयात असे बांधलेले कैदी खूप आहेत. मी फार वेळ थांबू शकले नाही.

परतताना ते वळण ओळखायचा प्रयत्न केला. सगळी वळणं सारखी. एका ठिकाणी दोन बायका आणि तीन-चार मुलं होती. ड्रायव्हरला थांबायची विनंती केली. माझं स्पॅनिश मोडकं, त्या आपसात त्यांच्या त्सेल्तल भाषेत बोलत होत्या. मी दोरी पुढे केली, मुलीची उंची हाताने दाखवली, तळवे दाखवले. थोरलीने दोरी हातात घेतली, सगळी उलगडली, एकेक गाठ बोटांनी चाचपली, चिंध्या नीट पाहिल्या. वडापमधली माणसं गप्प बसून होती. मग तिने ती पुन्हा व्यवस्थित गुंडाळली आणि मान हलवून परत दिली. तिच्या ओळखीची गाठ नव्हती.

मी केळ्यांच्या दोन फण्या घेतल्या. दिलेल्या पैशांतून तिने सुटे परत केले, पेसो न पेसो मोजून. पालेंकेच्या उकाड्यात केळी दोन दिवसांत एकदम पिकली, आणि बियाएर्मोसा शहरापर्यंत रोज शिकरण खाल्लं. दोरी अजून आमच्याकडे आहे.