घूस

दुपारचे अडीच. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलंय, त्यावर घूस उताणी पडलीये आणि तिच्या पोटातला शेवटून दुसरा स्क्रू काही केल्या हलत नाहीये.

घूस म्हणजे टामियाची हॉर्नेट. जपानमधल्या शिझुओकाच्या या कंपनीने १९८४ साली काढलेली, रिमोटवर चालणारी, मातीत पळणारी बग्गी. खऱ्या गाडीच्या एक दशांश. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी, पण आमच्याकडे नावं ठेवायचा हक्क आजीचा. मागच्या टायरांवरच्या रबरी काट्यांनी तिचं नुकतंच सारवलेलं खळं उकरून निघालं, तेव्हा ती म्हणाली, "ही कसली गाडी मेली, ही तर घूस!" तेव्हापासून मामाच्या गाडीला कोणी हॉर्नेट म्हटलं नाही. मामानेसुद्धा.

मामा मस्कतला होता. ही गाडी खोक्यातून तयार येत नाही, सुटे भाग येतात आणि सोबत चित्रांची पुस्तिका. मामाने म्हणे शुक्रवारच्या सुट्ट्या घालवून ती जोडली आणि १९८६च्या मे महिन्यात कपड्यांत गुंडाळून देवरुखला आणली. दोन डबे टँगचे, एक अत्तर, आईला साडी आणि ही. बाकीचं काय झालं आठवत नाही.

मोठी बॅटरी ७.२ व्होल्टची, रात्रभर चार्जिंगला. रात्री वीज गेली की सगळी भावंडं एकदम "आईगं" म्हणायची, पंख्यासाठी नव्हे. शिवाय पेन्सिल सेल लागायचे बारा, रिमोटमध्ये आठ आणि गाडीत चार. बारा सेल म्हणजे त्या काळी चैनच. ते संपले की उन्हात ठेवायचे, मग दाताने थोडे चावायचे, मग परत घालायचे. चावल्याने काय होतं ते कोणी विचारू नये. व्हायचं काहीतरी.

एवढं सगळं करून गाडी पळायची आठ मिनिटं. आणि आम्ही नऊ जण.

खरं म्हणजे नऊ नाही. रिमोट मिळायचा पाच जणांना, ते पाचही मुलगे. आम्हा मुलींना कोणी नाही म्हटलं नव्हतं. फक्त पाळी आमच्यापर्यंत येईस्तोवर बॅटरी संपायची. मला मात्र एक काम मिळालं होतं. या गाडीचा मागचा आख एकसंध, गिअरबॉक्ससकट वरखाली होणारा. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही त्याच्याबरोबर उडतं. त्यामुळे घूस पळायची कमी आणि उड्या मारायची जास्त, आणि वळणावर हमखास उताणी. मग थोरला दादा ओरडायचा, "उलटली!" आणि मी धावायचे. सरळ करायची आणि बाजूला व्हायचं. मागे लटकणाऱ्या मोटरला हात लावायचा नाही, चटका बसतो, हे पहिल्याच दिवशी बोटाला कळलं.

म्हणून मामीने यंदा माळा आवरताना ती काढली आणि "घेऊन जातेस की भंगारात घालू?" असं विचारलं, तेव्हा मी वरून बघितलंच नाही. उलटी करून बघितली. तशीच ओळखीची होती.

घरी विचारलं गेलं की नवीन मिळत नाही का. मिळते की. २००४मध्ये कंपनीने हीच गाडी पुन्हा काढली, त्यामुळे सुटे भागही मिळतात. मी "हो, मिळते" म्हटलं आणि पाना मागितला.

गेल्या चार महिन्यांत मी काय काय केलं ते सांगितलं तर तुम्ही माझ्याशी जपून बोलायला लागाल. पांढरी चॅसी हळदीच्या रंगाची झाली होती. ती उजळायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन लागतं. केमिस्टकडे चार बाटल्या मागितल्या तर त्याने काळजीने विचारलं, "जखम केवढी आहे?" मग गच्चीवर एका बाजूला शेजारच्या काकूंच्या साबुदाण्याच्या चिकवड्या आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक डब्यात बुडालेली माझी चॅसी, असं वाळवण दोन दिवस शेजारी शेजारी होतं. काकूंनी कावळे राखायला सांगितले, ते मी दोन्हींचे राखले.

नायलॉनचे भाग वर्षानुवर्षं सुकून कडक होतात. पाण्यात उकळले की पाणी पिऊन पुन्हा जरा लवचीक होतात. सासूबाईंनी गॅसवरच्या पातेल्यात डोकावून बघितलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चहाचं पातेलं त्यांच्या खोलीत.

गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं झालं होतं आणि त्यात आमच्याकडची तांबडी माती. एका सर्वोखाली, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरखाली, घडी घातलेला कागद निघाला, मामाने पाचर म्हणून घातलेला असणार. उलगडला तर हिशेब. दूध, फोन, घरी पाठवले. आकडे पुसट झालेत. तो मी परत होता तसा घडी करून, होता तिथे ठेवला. सर्वो खरंच डुगडुगत होता.

बॉडी तेवढी बदलली नाही. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला रंग आतून देतात, त्यामुळे वरून कितीही घासली तरी काळा रंग शाबूत राहतो. ओरखडे मात्र सगळे दिसतात. नवरा म्हणाला, एवढं सगळं केलंस तर हेही चकचकीत कर. पण ती गाडी जितक्या वेळा उलटली तितक्या वेळा मी धावलेय. ती माझी हजेरी आहे.

तर तो स्क्रू. जपानी स्क्रूची फुली दिसते आपल्यासारखीच, पण असते वेगळी. आपला फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि कडा खातो. हे ज्ञान मला तीन स्क्रूंची डोकी गुळगुळीत केल्यावर झालं. मग जपानी टोकाचा मागवला, तो आज आला. लावला, दाबला, आणि "कट्ट" असा आवाज होऊन स्क्रू निघाला. इतरांपेक्षा चांगला अर्धा सेंटिमीटर लांब. मामाने चुकीच्या भोकात घातला होता. म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या भोकात आखूड स्क्रू बसलाय, आणि तो मला अजून सापडायचाय.

त्याच्यावाचूनही गाडी चालते असं दिसल्यावर मला धीर धरवेना. संध्याकाळी नव्या बॅटरीनिशी तिला गच्चीवर नेली. ही बॅटरी अर्धा तास चालते. रांगेत कोणी नव्हतं. एक सरळ फेरी, दुसरी जरा जोरात, आणि टाकीजवळच्या वळणावर घूस उडाली आणि उताणी पडली.

"उलटली!" मी ओरडले.

आणि रिमोट हातात धरून उभी राहिले. चाकं हवेत गरगरत होती, मोटर किंचाळत होती. कोणीतरी धावत जाईल म्हणून मी बराच वेळ तशीच उभी होते.